वनमालाचे उपास

उमापुरात कुणाला नीट बसणारं पोलकं हवं असलं, की पाय वनमालाच्या दाराकडं वळतात. हात लई सफाईचा. पण या गावात ती सून म्हणून आली, तेव्हा तिच्यामागं एक लग्न होऊन गेलेलं होतं. पहिला नवरा एचआयव्हीनं गेला आणि तोच आजार तिच्या रक्तात ठेवून गेला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरच्यांनी तिची ताट-वाटी वेगळी मांडली.

बीडच्या एचआयव्ही उपचार केंद्रात गोळ्यांच्या रांगेत तिला आश्रुबा भेटला. तोही त्याच गोळ्यांचा. टेम्पो चालवणारा, कमी बोलणारा माणूस. एकमेकांपासून काही लपवायला नको, एवढ्यावर दोघांचं जमलं.

त्याची आई सरूबाई सगळं जाणून होती. नव्या सुनेला तिनं पहिल्याच दिवशी आपल्या ताटात जेवायला बसवलं. वनमाला मागं सरकली तशी म्हणाली, "माह्या लेकाला हाय तेच तुला हाय. त्याला म्या टाकलं न्हाई, मग तुला कावून टाकू? खा गुमान."

वर्षभरात वनमालाच्या मनानं लेकराची आस धरली. आपल्यासारखीनं असली हाव धरावी का, हेच तिला कळेना. शेवटी केंद्रातल्या समुपदेशक चैतालीताईंपुढं तिनं पदराचं टोक पिळत पिळत विचारलं.

"आधी विचारलंत, लई बरं केलंत," ताई म्हणाल्या. "बरेच जण दिवस गेल्यावर सांगायला येतात."

मग त्यांनी दोघांना समोर बसवून उलगडून सांगितलं. रोजची गोळी एकदाही चुकवायची नाही. दोघांच्याही रक्तात विषाणू इतका दबला पाहिजे, की तपासणीत दिसता कामा नये. तोवर निरोध वापरायचा. रक्त कमी आहे का, क्षय किंवा दुसरा काही संसर्ग आहे का, तेही आधीच बघायचं. बाळासाठीच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यासुद्धा दिवस जायच्या आधीपासून घ्यायच्या.

"आणि डॉक्टर हो म्हणाले, की मग उशीर करू नका," ताई हसल्या. आश्रुबा उगाच टेम्पोची किल्ली न्याहाळत बसला.

काही महिन्यांनी तपासणीचे निकाल घ्यायला तिघंही गेले. सरूबाईला घरी थांबवत नव्हतं. आश्रुबाचा निकाल चोख आला. वनमालाचा मात्र बिघडला होता. आधी दबलेला विषाणू पुन्हा वर आला होता.

"गोळी चुकली का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई ताई. रोज रात्री जेवले की घेते."

"आणि जेवला नाहीत तर?"

"जेवत न्हाई असं कसं? उपास असला तरच." वनमाला सहज बोलून गेली. "उपासाला गोळी कशी चालंल? औषध पोटात गेलं की उपास मोडतो."

"उपास कधी असतो?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी. मधी एकादस आली तर ती."

ताईंनी पेन खाली ठेवलं. सरूबाईचा चेहरा उतरला. "म्याच सांगितलं व्हतं तिला. लेकरासाठी कडक धर म्हनलं. पान्याचा थेंब न्हाई."

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या बाळासाठी उपास धरलेत, त्याचीच वाट अडतेय, वनमाला. गोळ्या अशा चुकत राहिल्या, तर पुढं औषध लागू पडेनासं होईल."

वनमालाच्या डोळ्यांना धार लागली. "माज्याच हातानं घालवलं."

सरूबाई खुर्चीवरून उठली. "रडू नगं. आजपासून तुजे उपास माजे. तू फकस्त गोळी खायची."

"आये, तुला शुगर हाय," आश्रुबा म्हणाला. "उपाशी राह्यलीस तर चक्कर यील."

"मग तू धर."

"तोही रात्री जेवणावरच गोळी घेतो ना," ताई म्हणाल्या.

"मग धरायचा कुनी? देवानंच धरावा आता!" सरूबाई वैतागली. ताईंना हसू आवरेना. रडता रडता वनमालाही हसली. सरूबाई मात्र गंभीर होती. "देवाला काय सांगायचं ते म्या सांगते. माजं ऐकतो तो."

उपास सुटले. ताईंनी जेवणाची अटही मोकळी केली: पोट भरलेलं असो वा रिकामं, गोळी घ्यायचीच. रोज रात्री सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन सुनेपुढं उभी राहू लागली आणि गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावू लागली. वनमाला चिडली की सरूबाई म्हणायची, "चीड, पन गीळ."

पुढचा निकाल चांगला आला, त्यानंतरचाही. डॉक्टरांनी हो म्हटलं. वर्षाच्या आत पाळणा हलला. मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात जन्मल्याबरोबर तिला औषधाचे थेंब सुरू झाले, मग मधूनमधून तपासण्या. शेवटची तपासणी अंगावरचं दूध सुटल्यावर, ती दीड वर्षाची झाल्यावर झाली. तोवर वनमालाला मोकळा श्वास म्हणून घेता आला नाही.

त्या दिवशी ताईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "बाळाला काही नाही. पक्कं."

आश्रुबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. वनमालानं लेकीला असं आवळलं, की ती कळवळून ओरडली. सरूबाईनं टेबलावर दोन्ही हात टेकवून विचारलं, "आन माही सून? ती कशी हाय?"

"तीही छान आहे, आजी."

लेक दिली म्हणून वनमाला देवाचे आभार मानते, ताईंचे मानते, डॉक्टरांचेही मानते. पण तिला कुणी विचारलंच, की त्या दिवशी तुला सगळ्यात मोलाचं काय मिळालं, तर ती सासूनं विचारलेला तेवढा एकच प्रश्न सांगते.