शून्य तक्रारींचं गाव

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. त्र्यंबकेश्वरच्या पुढच्या डोंगरपट्ट्यातलं एक पोलीस ठाणं माझ्या ताब्यात होतं. नवे वरिष्ठ आले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, सरकार कंपनीसारखं चालवायला शिका. गावभेटी म्हणजे डिझेलची उधळपट्टी. दर सोमवारी सकाळी दहाला पोलीस पाटलांना फोन करा, तक्ता भरा, विषय संपला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, ते लपवत नाही.

आमच्या तक्त्यात एका गावापुढे दर आठवड्याला शून्य तक्रारी. वरून कौतुकाचं पत्रही आलं.

मग आठवडेबाजारात बांगड्या विकणाऱ्या एका मावशींनी आमच्या हवालदारांना गाठलं. त्या गावच्या वीटभट्टीवर सुरगाण्याकडची कुटुंबं राबत होती. तिथल्या बाया दर बाजारी यायच्या, पण गेले तीन बाजार एकही फिरकली नव्हती. त्यातली एक पोटुशी पोर हिरव्या बांगड्या सांगून गेली होती.

"दिवस भरत आले तिचे. बांगड्या न्यायला आली नाय, म्हंजी तिला कोनी येऊ देत नसंल," मावशी म्हणाल्या.

सोमवारच्या फोनवर पाटलांना विचारलं, तर म्हणाले, सर्व शांत. वरिष्ठांकडे गाडीची परवानगी मागितली, तर म्हणाले, तक्रार नाही म्हणून खर्च नाही. मी स्टेशन डायरीत स्वतःच्या जबाबदारीवर नोंद केली आणि हवालदारांना घेऊन जीप काढली.

माणूस घाबरलेला असेल तर त्याला अवघड प्रश्न आधी विचारू नये, असा माझा अनुभव. पाटलांना गावाबाहेर जीपमध्ये बसवून मी एवढंच विचारलं, सोमवारचा फोन तुम्ही कुठे बसून घेता? स्वतःच्या चपलांकडे बघतच ते बोलले.

"साहेब, तुमचा फोन दहाला येतो हे भट्टीवाल्याला पाठ झालंय. तवा तो माझ्या शेजारीच येऊन बसतो. त्याच्यासमोर काय सांगनार मी?"

पाटलांना सोबत घेऊनच भट्टी गाठली. कामगारांनी पळून जाऊ नये म्हणून त्यांची पोरं आणि ती पोटुशी बाई पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलेली होती. सकाळपासून तिला कळा सुरू होत्या. पंचांसमोर कुलूप तोडलं आणि त्याच जीपमधून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. भट्टीवाल्याला अटक केली, वेठबिगारीचा गुन्हा दाखल केला.

चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस हातात पडली. विनापरवानगी वाहन का वापरलं? मी उत्तर लिहिलं, "आई आणि मुलगी जिवंत आहेत. पुन्हा असं कळलं तर पुन्हा जाईन. डिझेल माझ्या पगारातून कापावं."

दुकानदार दारात आलेल्या गिऱ्हाइकाचं बघतो, त्याचं बरोबरच आहे. ज्याला दारात येताच येत नाही, त्याच्याकडे सरकारने जायचं असतं, आणि त्याला डिझेल लागतं. उधळपट्टी थांबवायचीच असेल तर आधी ती कौतुकाची पत्रं छापणं थांबवा.

डिझेलचे पैसे कोणी कापले नाहीत. अजूनही कापायचे असतील तर माझी पेन्शन आहे. त्या जीपबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. मागायचीच झाली तर त्या बाईची मागेन, बैठकीत मान डोलावल्याबद्दल.