बाज मावेल एवढा डोंगा

प्रपोजल लिहिणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात, नकाराच्या मेल आणि किस्से. मेल डिलीट करता येतात. किस्से मात्र चार ओळखीची माणसं जमली आणि चहा आला की आपोआप बाहेर पडतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे संस्था भरपूर, त्यामुळे माझ्याकडचा साठाही भरपूर! पण हल्ली कुठूनही सुरुवात केली तरी मी जनाबाईंपाशीच येऊन थांबते. तेव्हा आज सरळ त्यांचंच सांगते.

*

माझं काम नेमकं काय, हे माझ्या घरच्यांनाही सांगता येत नाही. मोठ्या संस्थांना मी फी घेऊन देणगीदारांकडे पैसे मागायचं प्रपोजल लिहून देते आणि रविवारी आरमोरीला, आईच्या घरी बसून, लहान गटांना फुकट. माझा भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे. तो एकदा जेवताना म्हणाला, "आमच्या इथी दगड टाकला तर सिमेंट निघते. तुह्या इथी कागद टाकला तर काय निघते?"

मी म्हटलं, "कागदच."

आई सोडून सगळे हसले. आईला वाटलं, मी खरंच सांगतेय. तशी मी खरंच सांगत होते.

*

जनाबाई अशाच एका रविवारी आल्या. नदीपलीकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. पावसाळाभर त्या गावाचा रस्ता म्हणजे नदी आणि गाडी म्हणजे एक जुना लाकडी डोंगा. पाणी चढलं की तो चालत नाही आणि चालला तरी त्यात आजारी माणसाला आडवं झोपवता येत नाही. त्यांना इंजिनाचा मोठा डोंगा हवा होता. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. ते माहेरीच करायची रीत, आणि दिवस भरत होते ऐन पावसाळ्यात.

डोंगा केवढा हवा, असं मी विचारलं. त्यांनी पदराची गाठ सोडून एक सुतळी काढली आणि टेबलावर लांब केली. घरच्या बाजेचं माप घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे आजाऱ्याला बाजेसकट उचलून नेतात.

"इतकी बाज मावली पाह्यजे," त्या म्हणाल्या. "बाकी तुमी लिहा."

मी बाकी लिहिलं.

*

पहिल्या देणगीदाराने कळवलं की आमच्या धोरणात वस्तू बसत नाहीत, जनजागृती बसते. मग डोंग्याऐवजी 'सुरक्षित मातृत्व' या विषयावर कार्यशाळा मिळाली. चांगली झाली. तक्ते होते, बिस्किटांचे पुडे होते, शिकवणारा मुलगाही मनापासून शिकवत होता. शेवटी त्याने विचारलं, प्रसूती दवाखान्यातच का व्हायला हवी, हे सगळ्यांना समजलं का?

जनाबाई उठून म्हणाल्या, "आमाले समजलं, साहेब. आता नदीले समजावून सांगा."

तो हसला. बाया हसल्या नाहीत, तेव्हा त्याचंही हसू गेलं आणि तो तक्ते गुंडाळू लागला.

*

दुसरे देणगीदार बरे होते. त्यांच्या अधिकाऱ्याने जनाबाईंशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरवलं. माझ्या लॅपटॉपसमोर त्या डोक्यावर पदर घेऊन ताठ बसल्या. गरोदर बाया महिनाभर आधीच तालुक्याला जाऊन का राहत नाहीत, असं त्याने विचारलं. प्रश्न काही चुकीचा नव्हता.

"कोणाच्या घरी, साहेब?"

त्याने समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं आणि पुढचा प्रश्न घेतला. आमचा निधी संपल्यावर हे कसं चालेल? तो प्रश्न प्रत्येक प्रपोजलात असतो आणि त्याचं उत्तर लिहिताना माझ्यासारखीला घाम फुटतो. जनाबाईंनी शांतपणे सांगितलं की नावाड्याच्या वाट्याचं धान दर घरातून खळ्यावरच काढून ठेवतात, सासऱ्याच्या आज्यापासून. तो अधिकारी खूश झाला. म्हणाला, पुढच्या कमिटीत ठेवतो.

*

निवड झाल्याची मेल आली तेव्हा पाऊस जोरात होता. मी जनाबाईंना फोन लावत राहिले, लागत नव्हता. लागला तेव्हा त्यांच्या दिराने उचलला. मुलीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी नदी काठोकाठ होती. बाज काठावर आणून ठेवली आणि सगळे पाणी उतरायची वाट पाहत बसले. पाणी उतरलं नाही. दोन्ही जीव गेले.

नदी ओसरल्यावर मी गेले. ओसरीवर बसून मीच रडले, जनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "डोंग्याचं कुठवर आलं?"

त्या दिवशी मला माझ्या कामाचा राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

*

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कागदाला पोट असतं आणि ते भरावं लागतं. अंतिम मंजुरीसाठी एखादी खरी घटना जोडलीत तर बरं होईल, असं देणगीदारांनी कळवलं. मी आठवडाभर ती मेल उघडायचे आणि बंद करायचे. शेवटी जाऊन जनाबाईंनाच विचारलं. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण तिचं नाव नका टाकू. नाव घरचं आहे."

मी टाकलं नाही. इथेही टाकत नाही.

*

डोंगा पुढच्या उन्हाळ्यात आला. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांना उन्हाचा त्रास झाला, त्यामुळे भाषणं आटोपती झाली. बाज आडवी-उभी ठेवून पाहिली, मावली.

पावसाळा संपल्यावर मूल्यमापन करायला एक साहेब आले. माणूस सज्जन, पण त्यांना आकडे भरायचे होते. डोंग्यातून बाजाराला किती गेले, शाळेत किती गेले, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग तातडीचे रुग्ण किती नेले, ते विचारलं.

"एक," जनाबाई म्हणाल्या. "शेजारची सून."

"अख्ख्या पावसाळ्यात एकच?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रपोजलात मी बरेच लिहिले होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, एवढ्या खर्चाला एक म्हणजे फारच कमी दिसतं. वर काय सांगू?"

जनाबाईंनी ते ऐकलं. त्या उठून शेजारच्या घरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातांत दोन-तीन महिन्यांचं एक पोर होतं. त्यांनी ते साहेबांच्या मांडीवर ठेवलं. साहेबांनी घाईने फाईल बाजूला करून त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"याची माय," जनाबाई म्हणाल्या, "घरी भात रांधून राह्यली."