आईला आनंद होईना

एक मे रोजी गल्लीत लेझीम वाजू लागलं की मी खिडकी लावून घेते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात माझी आई पुढे असायची. तिने खालून हाक दिली की परळची आमची अख्खी चाळ गॅलरीत यायची. मग तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या. रक्तदाब उतरला, पण वर्षभरात तिचं हसणं, बोलणं, भांडणंसुद्धा थांबलं. राज्य झालं त्या दिवशी चाळभर तोरणं होती, खाली लेझीम घुमत होतं. मी धापा टाकत वर आले, तर आई भिंतीला टेकून बसलेली, शेजारणीने दिलेला पेढा हातातच मऊ झालेला. "आये, तुला काहीच कसं वाटत नाही गं?" मी तेरा वर्षांची, रागाने ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "कळता गो माका, आनंद होवक व्हयो. पण होणा नाय." मी पाय आपटत खाली गेले. चार वर्षांनी ती तशीच गेली. गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या. पुढे माझ्या डॉक्टर मुलीने सांगितलं की मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं डोपामिन नावाचं द्रव्य असतं, काही हवंसं वाटतं ते बरंचसं त्याच्यामुळे, आणि त्या गोळ्या त्याचा साठाच रिकामा करायच्या. "तेव्हा डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं, मग तुम्हाला कसं कळणार?" ती म्हणाली. पण आईला कळलं होतं, आणि तिने मला सांगितलंही होतं.