हात वर नेण्याआधी

दुपारी डोळा लागला की मला अजून ठेच्याचा वास येतो. भाजलेल्या मिरच्या, कुटलेला लसूण. मग पुसदच्या कॉलेजातली ती अंधारी खोली दिसते, पडद्यावर कुणीतरी कुणाला बदडतंय, आणि सगळं कसं पाण्याखाली चालल्यासारखं.

मी मानसशास्त्राची. पडद्यावरची मारझोड बघून माणूस चिडखोर होतो का, हा माझा जन्माचा धंदा. आता राग मोजायचा कसा? एक रीत अशी, की आधी सिनेमा दाखवा, मग अनोळखी माणसासाठी तिखट वाढायला सांगा. तिखट जास्त तर राग जास्त. मी आपला ठेचा ठेवला. अन् काय सांगू! मारामारी पाहिलेली पोरं ढीग वाढत, आणि नुसता नदीकाठाचा शांत सिनेमा पाहिलेलीही ढीगच वाढत. एकीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पाहुण्याले बोटभर वाढू काय? आई काय म्हणन?" घ्या! राग मोजायची माझी पट्टीच मोडली.

त्याच दिवसांत आर्णीला माझ्या धाकट्या भावाचं लग्न जुळत होतं. भाऊ मोठा गोड, पण मोबाइलमध्ये दिवसभर ठो-ठो, गोळीबाराचा खेळ. मुलगी उमरखेडकडची. हल्ली मुलीही घर पाहायला येतात, तशी ती आईबरोबर आली. कापूस वेचणीचे दिवस होते. अंगणातल्या उन्हात कापसाचे धागे तरंगत होते, कुणालाच कशाची घाई नव्हती. तिनं मला मागच्या दारी गाठलं.

"ताई, तुम्ही याच विषयाच्या ना? हा खेळ खेळून तुमचे भाऊ हात तर उचलणार नाहीत ना? माह्या बाबाले पाहत मोठी झाली मी."

'नाही' म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते.

"बाई, पुष्कळ माणसांचं मिळून काही सांगता येते. एकाचं नाही. मले खरंच माहीत नाही."

ती सरळ ओसरीवर गेली आणि खेळ ऐन रंगात असताना तिनं भावाच्या हातातला मोबाइल काढून घेतला. सगळ्यांदेखत!

त्याचा हात वर गेला.

डोकं खाजवायला, दुसरं काही नाही. पण तोवर तिनं कोपर तोंडापुढं धरलं होतं, डोळे गच्च मिटले होते. भावानं ते पाहिलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो इतका हळू खाली आणला, की मला वाटलं, दुपार सरून जाईल.

"मारतो वाटलं तुले?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. मोबाइल त्यानं परत मागितलाच नाही.

लग्न झालं. खेळ काही सुटला नाही, ठो-ठो सुरूच आहे. माझ्या धंद्यातले लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

परवा आर्णीला गेलते. ती गॅसपाशी चहा करत होती, भाऊ बाजूला उभा. साखरेचा डबा वरच्या फळीवर. डबा काढायच्या आधी तो जरा थांबला.

"हात वर नेतो हं," म्हणाला, आणि मग नेला.

तिनं मान वर केली नाही. चहा ढवळत राहिली.