विझलेला दिवा बघणारे मामंजी

आमचे मामंजी कुठलाही दिवा आधी लावून बघत नसत. कुणी दिवा दाखवायला आणला आणि उत्साहानं प्लग खुपसायला निघाला, की त्याचा हात धरायचे. "थांब रं. पेटल्यावर सगळेच चांगले दिसतात. आधी विझलेला बघू दे." मग दिवा मांडीवर आडवा घेऊन त्याचं बूड न्याहाळायचे. लग्न होऊन मी खोपोलीजवळच्या चौक गावात आले तेव्हा सासऱ्यांचं हे पहिलं दर्शन. मला हसू आवरेना.

हायवेवरच्या ट्रकांचे डायनामो, हॉर्न, हेडलाइट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण तरुणपणी खोपोलीच्या एका कारखान्यात आलेल्या इटालियन इंजिनियरच्या बंगल्यात त्यांनी वायरिंग केलं, आणि तिथला टेबलावरचा दिवा बघून जे वेडे झाले ते कायमचे. लांब पितळी दांडी, एका टोकाला लाल टोपी, दुसऱ्या टोकाला वजनाचा गोळा. दांडी सोडाल तिथं थांबायची. साहेब मायदेशी परतताना तो दिवा आणि दिव्यांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक त्यांना देऊन गेला. पुस्तकातलं अक्षर मामंजींना ओ की ठो कळत नव्हतं. चित्रं मात्र तोंडपाठ होती.

पुढे खंडाळ्याचे, कर्जतचे बंगले रिकामे झाले की जुनं सामान चौकच्या भंगारात यायचं, आणि मामंजी त्यात इटालियन दिवे हुडकायचे. खिशात लोहचुंबक. ते चिकटलं तर आत लोखंड आणि वरून पितळेचं नुसतं पाणी. नाही चिकटलं तर टोपीच्या आतून बोट फिरवायचे. मी एकदा विचारलं, आत काय असतं? म्हणाले, "खोटं करणारा वरनं नटवतो गं. जिथं कुणी बघत नाय, तिथं त्याला कंटाळा येतो." घरात जमवलेल्या सात दिव्यांतले पाच असे कंटाळलेल्या माणसांचेच निघाले. तरी ते त्यांनी फेकले नाहीत. नक्कल कुठं फसली हे दाखवायला त्यांना फार आवडायचं.

माझी पहिली दिवाळी आली. सासूबाई म्हणाल्या, घरातलं पितळ घासून घे. मी समया, तांबे, घंगाळ सगळं चिंच लावून घासलं. साहेबाचा दिवाही पितळेचाच! त्याच्या बुडाखाली बोटभर कागद चिकटलेला होता. नव्या भांड्यावर दुकानदाराचा असतो तसलाच असेल म्हणून मी तो भिजवला आणि नखानं खरवडून काढला. दिवा असा लखलखला, की मी तो मुद्दाम त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.

मामंजींनी तो उलटा केला. कागदाच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. "धुतलंस व्हय?" एवढंच विचारलं. दिवा बनवणाऱ्या इटालियन कारखान्याचं नाव त्या कागदावर होतं, हे मला सासूबाईंकडून कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चार वर्षांनी असले दिवे जमवणारे एक गृहस्थ मुंबईहून गाडी घेऊन आले. जाणता माणूस आपला दिवा बघेल, याची मामंजी आयुष्यभर वाट बघत होते. इस्त्रीचा सदरा घालून बसले. पाहुण्यांनी दिवा उलटा केला आणि विचारलं, "नाव कुठंय?"

"नाव धुऊन गेलं."

"मग कॉपी. नाव नसेल तर कॉपीच म्हणायची."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फळीवर त्याच कारखान्याचा एक मोडका दिवा होता, त्याचा कागद शाबूत होता. मी मामंजींना आत बोलावलं आणि तो पुढे केला. "हा काढून चिकटवू या ना मामंजी."

त्यांनी तो माझ्या हातून घेऊन परत फळीवर ठेवला. "मग येवढी वर्सं मी काय बघत होतो गं?"

पाहुणे गेले. मी पदर डोळ्यांना लावून चुलीपुढे बसले. मामंजी साहेबाचा दिवा घेऊन तिथंच आले आणि माझ्यासमोर बसले. "रडू नको. त्यानं कागद बघितला. तू दिवा बघ." त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की आमची शाळा भरायची. एकेक स्क्रू काढायचा, त्याचे आटे बघायचे, परत बसवायचा. मी चुकले की ते खूश व्हायचे, कारण मग पुन्हा सगळं सांगता यायचं.

मामंजी जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांची नजर पार गेली. तेव्हा लोणावळ्याचा एक माणूस मोठ्या आशेनं दिवा घेऊन आला. मी तो उलटसुलट बघितला, आतून चाचपला. नाव होतं, ठसठशीत होतं. तरी मी म्हणाले, "खोटा आहे."

तो मामंजींकडे वळला. "नाना, तुमी एकदा हात लावून बघा. सूनबाईंना काय कळतंय यातलं?"

मामंजींनी हात मांडीवरून हलवलेसुद्धा नाहीत.

"तिनं बघितला ना? मग मी बघितला."