पाच झाडांचा मावा

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी आर्वीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली पाच झाडं मी बाबांकडून मागून घेतली होती. त्यांच्यावर फवारणी करायची नाही. दर आठवड्याला कोवळ्या फुटीचा रस शोषणारा मावा आणि त्याला खाणारे लाल ढालकिडे मोजायचे, शेजारी ऊन-आभाळ लिहायचं.

शेजारच्या बागेतले काका दोन बागांमधल्या धुऱ्यावरून विचारत, "काऊन गा, कालेजात उवा मोजाले शिकवते काय?"

बाबा मान खाली घालून काम करत राहत.

पौषात आठवडाभर आभाळ राहिलं आणि मावा भराभर वाढला. त्याच्या मागोमाग ढालकिडे आले. वही छान भरत होती. तेवढ्यात मार्गदर्शक सरांचा निरोप आला, पाहणीला येतो. त्यांच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

सरांना आर्वीच्या स्टँडवरून घेऊन आलो, तर पाचही झाडं न्हाऊमाखू घातल्यासारखी लख्ख!

"सायेब येऊन राह्यले अन् झाडाईले किडे? बरं दिसते काय?" बाबांच्या हातात अजून साबणाच्या पाण्याची बादली होती. त्यांनी भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा पुढे केला. "हे तुये दोस्त. एकही मरू देला नाई."

आत ढालकिडे तुरुतुरु फिरत होते.

"भाऊ," सर हसू दाबत बाबांना म्हणाले, "दोस्त राखले, पण त्यांचं जेवण धुऊन टाकलं."

दारी आलेला उपाशी राहिला, हे बाबांना माझ्या प्रबंधापेक्षा जास्त लागलं असावं. डबा काखेत मारून ते तडक धुऱ्यापलीकडे गेले.

"फवारू नको गा. पोराच्या परीक्षेचं हाये. पाच झाडं दे."

"घ्या बाप्पा, माह्याकडं उवाइची काय कमी!" काका म्हणाले.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं, आणि झालं ते जसंच्या तसं लिहायला. चैत्राच्या उन्हानं मावा आटेपर्यंत मी काकांच्या बागेत मोजत राहिलो. ढालकिड्यांचा आकडा काका स्वतः ओरडून सांगत, आणि माझा कमी भरला की भांडत.

सही झाल्यावर बाबांना आभाराचं पान वाचून दाखवलं. आपलं नाव आल्यावर ते जवळ सरकले.

"अन् डब्याचं?"

तेही लिहिलं होतं.