सहा मोपेड आणि सहा सीलबंद पिशव्या

सील शाबूत होतं, आणि तीच पंचाईत होती.

सेनगुप्ता साहेबांच्या टेबलावर खाकी कॅनव्हासची पिशवी पडली होती. तोंडाशी बकल, बकलातून ओवलेली पिळाची जाड तार, तारेच्या टोकाला शिशाचं सील आणि त्यावर आमच्या स्टोअरचा ठसा. साहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडिंग इंजिनिअर. त्यांच्यासमोर मी उभा होतो. दाराशी आमचे लाइन इन्स्पेक्टर निरापद हलदार, काखेत छत्री धरून.

"करंदीकर, तुमच्या रिपोर्टात लिहिलंय की मोपेड वाटेत बंद पडली आणि किट वापरून दहा मिनिटांत चालू झाली. बरोबर?"

"येस सर."

"हेच ते किट?"

"येस सर."

"मग हे उघडलं कधी?"

मी सीलकडे बघितलं, सीलने माझ्याकडे बघितलं. ही सीलची कल्पना माझी स्वतःची होती. त्याचा मला भारी अभिमान होता.

हा प्रकार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी एका सरकारी उपक्रमात मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याहून बदली होऊन कलकत्त्याला आलेलो. भवानीपूरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि काम सॉल्ट लेकमध्ये. आज तिथे बंगले आणि ऑफिसं आहेत. तेव्हा होती ती हुगळीतला गाळ पाइपने आणून भरलेली दलदल. जिकडे बघावं तिकडे वाळू, काशाचं गवत आणि प्लॉट नंबर लिहिलेल्या खुंट्या. बसचं नाव नाही. आम्ही तिथे पाण्याच्या पाइपलाइनी टाकत होतो. टाकलेली लाइन टेस्ट करायची म्हणजे तिच्यात दाबाने पाणी भरायचं आणि सांधे गळतात का ते बघायचं. सांधा फुटला तर इन्स्पेक्टरने धावत जाऊन जवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा. जवळचा म्हणजे कधीकधी दीड मैल.

म्हणून सहा इन्स्पेक्टरांसाठी सहा मोपेड आल्या. मोपेड म्हणजे सायकलला बसवलेलं पन्नास सीसीचं इंजिन. पेडल मारून सुरू करायची. इंजिन रुसलं तर पेडल मारत घरी जायचं, असं कंपनीचं पुस्तक म्हणतं. पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा सॉल्ट लेकच्या वाळूत आणून सोडायला हवा होता.

ही गाडी बंद का पडते, तेही सांगतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, त्यामुळे काजळी धरते. स्पार्क प्लगच्या टोकाला ठिणगी पडायला केसाएवढी फट ठेवलेली असते. काजळीचा एक धागा त्या फटीत अडकला की ठिणगी बंद, आणि गाडी ठप्प. प्लग काढायचा, काचपेपरने घासायचा, परत बसवायचा. पाच मिनिटांचं काम. दुसरा रोग म्हणजे कार्बुरेटरच्या बारीक भोकात वाळूचा कण अडकणं. तिसरा म्हणजे चेनची कडी निसटणं. नव्वद टक्के दुखणी एवढीच. डॉक्टर लागत नाही, हत्यारं लागतात.

मी एका रविवारी बसून किट ठरवलं. प्लगपाना, जादा प्लग, काचपेपर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चेनची कडी, क्लच केबल, पंक्चरचं सामान. सहा पिशव्या भरल्या. सहाही जणांना उन्हात उभं करून प्लग काढायला शिकवलं.

महिनाभरात तीन पकडी गायब. एक जण सरळ म्हणाला, "स्यार, घरात नळाला लावलीय. काढली तर पाणी येत नाही." दुसऱ्याने पिशवी घरी ठेवली आणि वाटेत सायकलवाल्याचा भलताच पाना लावून इंजिनच्या डोक्याचे आटेच घालवले. माझं डोकं फिरलं. अरे, सरकारी हत्यारं म्हणजे काय लग्नाचा आहेर आहे का?

मी सात कलमांचा हुकूम तयार केला. विजेच्या मीटरला असतं तसं तारेचं सील प्रत्येक पिशवीला. कलम पाच: सील तुटलेलं आढळल्यास संबंधिताने तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. कलम सात: सरकारी गाडीला खासगी हत्यार लावल्यास शिस्तभंगाची कारवाई. सेनगुप्ता साहेबांनी वाचलं, "एक्सलंट" म्हणाले आणि खाली सही ठोकली.

घरी मोठ्या कौतुकाने मालतीला सांगितलं. मालती माझी बायको. ती म्हणाली, "अहो, हत्यारं आहेत ती का लोणच्याची बरणी? दादरा बांधून ठेवलात तो!"

मी तिला सिस्टिम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती मेथी निवडत राहिली.

पुढचे आठ महिने दर महिन्याला मी सहा पिशव्या तपासत होतो. सहाच्या सहा सीलं शाबूत. एकही पिशवी उघडली नाही याचा अर्थ एकही गाडी बंद पडली नाही, असं गणित मी मांडलं आणि हेड ऑफिसला दर महिन्याला कळवलं: वाटेत बंद पडलेल्या गाड्या, निरंक. हेड ऑफिसकडून शाबासकीचं पत्रही आलं. इंजिनिअरिंगच्या पदवीचा माणूस एवढा गाढव कसा होऊ शकतो, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला तेव्हा पडला नाही.

आता हलदारबाबूंबद्दल सांगायला हवं. वय पंचावन्न. उजवा गुडघा कामातून गेलेला. मोपेड आली म्हणून फील्डवर टिकले होते, नाहीतर दीड मैल वाळू तुडवणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. आमच्याकडे पंचावन्नाव्या वर्षी प्रत्येकाची फाइल निघायची. अठ्ठावन्नपर्यंत ठेवायचं की आत्ताच घरी पाठवायचं, ते साहेब ठरवायचे. फाइलमध्ये एक ताजा मेमो असला तरी पुरे. हलदारबाबूंचा मुलगा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. आणखी तीन वर्षं पगार आला तर तो डॉक्टर होणार, नाहीतर अर्ध्यावर सोडणार, इतकं ते सरळ होतं. आणि त्यांची फाइल त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर आलेली.

मंगळवारी दुपारी टेस्ट चालू असताना एक सांधा फुटला. नेमका मजुरांच्या झोपड्यांच्या वरच्या अंगाला. झोपड्या खोलगटात, आत पोरंबाळं. हलदारबाबू कॅम्पवरून मोपेड घेऊन व्हॉल्व्हकडे निघाले आणि निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. दहा मिनिटांत त्यांनी ती चालू केली, जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. पाणी चुलींपर्यंत आलं आणि थांबलं. आणखी पाव तास गेला असता तर काय झालं असतं, ते मुकादमाने मला हात जोडून सांगितलं.

मी हलदारबाबूंना काही विचारलं नाही. विचारायचं काय? गाडी चालू झाली, म्हणजे माझं किट वापरलं. मी रिपोर्ट ठोकून दिला. साहेब खूश. म्हणाले, ही पिशवी नमुना म्हणून हेड ऑफिसला पाठवू, घेऊन या. मीही ती न बघता शिपायाच्या हाती वर पाठवली. आणि आता ती टेबलावर होती, सीलसकट.

"हलदारबाबू," साहेब वळले, "तुम्ही ही पिशवी उघडली?"

"ओटा खुलिनि, स्यार." उघडली नाही.

"मग गाडी कशाने दुरुस्त केली?"

हलदारबाबूंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग खांद्याच्या झोळीतून बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उघडला. आत रुमालात गुंडाळलेला स्वच्छ घासलेला प्लग. दांडा कापून आखूड केलेला प्लगपाना. भोक साफ करायला बारीक तार. सेफ्टी पिनेत ओवलेल्या दोन कड्या. काचपेपरचे विड्याच्या पानाएवढे तुकडे. मच्छरदाणीची दोरी. एक लहानशी, तेल लावलेली पक्कड. आणि एक जुनं पोस्टकार्ड.

"हे कशाला?" मी विचारलं.

"प्लगची फट मापायला. एकदा दुमडलं की बरोबर तेवढी जाडी होते, स्यार."

मी ते पोस्टकार्ड बोटांत धरून बघितलं. बरोबर तेवढीच होती. मला एवढा आनंद झाला की मी कुठे उभा आहे तेच विसरलो. "वा! हलदारबाबू, हे डोक्यात कसं आलं?"

"करंदीकर," साहेब म्हणाले, "कलम सात काय आहे?"

माझा आनंद तिथेच विरला.

"खासगी हत्यार, सर. शिस्तभंग."

"कोणी लिहिलं?"

"मी, सर. पण सर, यांनी त्या झोपड्या वाचवल्या."

"नियम मोडून वाचवल्या. पिशवी जवळ असताना! मला मेमो द्यावाच लागेल. आणि मेमो दिला तर तो रिव्ह्यूच्या फाइलला लागेल. माझा नाइलाज आहे." मग हलदारबाबूंकडे बघून जरा चिडूनच म्हणाले, "अहो, सील तोडून पिशवी उघडायला तुम्हाला झालं काय होतं? मागाहून खुलासा दिला असता! एका मिनिटाचं काम. करंदीकर, दाखवा त्यांना."

मी पिशवी पुढे ओढली. तार दोन बोटांनी पिळून बघितली. हलली नाही. मुठीत धरून हिसका दिला. बोट कापलं. पेपर-नाइफ घालून बघितला, तो वाकला. मीटरवाल्यांच्या दर्जाची तार मीच मागवली होती, हाताने तुटता कामा नये म्हणून.

"पक्कड लागेल, सर."

"मग घ्या ना पक्कड."

"पक्कड आत आहे, सर."

"आत म्हणजे? स्टोअरमध्ये?"

"पिशवीत, सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आठ महिने सहा माणसं वाळवंटात ही कुलपातली किल्ली घेऊन फिरत होती. त्यांतल्या एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. का सांगावं? मी हुकूम काढला होता, प्रश्न विचारला नव्हता.

तेवढ्यात हलदारबाबूंनी आपली लहानशी पक्कड अदबीने माझ्यापुढे सरकवली.

"आमारटा निन, स्यार." माझी घ्या.

आणि कलम सातचा लेखक मी, सुपरिंटेंडिंग इंजिनिअरच्या समक्ष, खासगी हत्याराने सरकारी किट उघडलं. आत एका पावसाळ्याने काम उरकलं होतं. पक्कड गंजून जबडा मिटलेली. पंक्चरचं सोल्युशन नळीतच दगड झालेलं. काचपेपर हातात घेताच भुगा.

साहेबांनी हुकुमाची फाइल उघडली, खालच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "हुकूम चुकीचा असू शकत नाही. यावर माझी सही आहे." ते हे विनोदाने म्हणत नव्हते. "कलम सातचा भंग झालेला आहे. फक्त एकच शक्यता उरते." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "वरिष्ठाने आधी काही तोंडी परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी."

मी हलदारबाबूंच्या गुडघ्याकडे बघितलं. ते शरीराचा सगळा भार डाव्या पायावर टाकून उभे होते. मला माझीच लाज वाटली, दुसरं काही नाही.

"होती, सर," मी म्हणालो. "मीच दिली होती. तोंडी."

"लेखी हुकुमाच्या विरोधात?"

"येस सर."

"मग हे लेखी द्या."

मी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. जन्मात एवढं सुवाच्य अक्षर मी काढलं नव्हतं.

संध्याकाळी हलदारबाबू गेटपाशी माझी वाट बघत थांबले होते. वाटलं, आभार मानतील. मी नम्रपणे नकार द्यायची तयारीही केली.

"स्यार, ती तोंडी परवानगी कुठल्या दिवशी दिलीत?"

"कसला दिवस? दिलीच नव्हती हो!"

"उद्या व्हिजिलन्सवाल्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तर?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी सांगणार, सरस्वती पूजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पंप हाऊसच्या सावलीत. तुमच्या हातात डाब होता. तुम्हीही तेच सांगा. डाब विसरू नका." डाब म्हणजे शहाळं.

हा माणूस गाडी बंद पडायच्या आधी पोस्टकार्ड दुमडून ठेवणारा का होता, ते मला तेव्हा कळलं.

कुणी विचारलं नाही. हलदारबाबूंची फाइल मेमोशिवाय गेली, अठ्ठावन्नपर्यंत नोकरी मंजूर झाली. मुलगा डॉक्टर झाला. त्याच्या पेढ्यांचं, म्हणजे संदेशचं, खोकं घेऊन ते आमच्या घरी आले होते. सीलं काढली. सहा जणांना पत्र्याचे सहा डबे दिले आणि आत काय ठेवायचं ते त्यांनाच विचारलं. पकडी पुढेही हरवत राहिल्या. मी नव्या देत राहिलो. गाड्या मात्र चालत होत्या. दर महिन्याचा रिपोर्ट आता 'निरंक' येत नव्हता, म्हणून हेड ऑफिस नाराज झालं, ते सोडा.

माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी प्रतिकूल शेरा आला: 'अधिकारी कार्यक्षम, परंतु लेखी हुकुमाविरुद्ध तोंडी हुकूम देण्याची प्रवृत्ती.' प्रमोशन दोन वर्षं लांबलं. शेऱ्याला उत्तर देता येत होतं, मी दिलं नाही.

पुढे रिटायर होईपर्यंत मी शेकडो हुकूम काढले, सगळे कलमवार, सहीशिक्क्यासकट. त्यांतला कुणाची नोकरी वाचवणारा एकच निघाला, आणि तो मी दिलाच नव्हता.